आप्पासाहेब निवासातला पासवर्ड

प्रेमलाबाईंनी उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव सहजासहजी तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, आणि तेही चार बायकांनी दंडाला धरून उभं केलं म्हणून. एरवी त्यांच्या बोलण्यात नवरा म्हणजे 'हे', नाहीतर 'मालक', नाहीतर 'ऋषीचे पप्पा', आणि राग आलाच तर 'घरातलं माणूस'.

एकदा जनगणनेचे मास्तर ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "बाई, मालकांचं नाव?" बाईंनी फाटकाकडे बोट केलं. फाटकावर संगमरवरी पाटी होती, 'आप्पासाहेब निवास'. मास्तर म्हणाले, "ते घराचं झालं. माणसाचं सांगा." बाई म्हणाल्या, "माणसाचंच घराला दिलंय." मास्तरांनी एकवार पाटीकडे बघितलं, एकवार बाईंकडे बघितलं आणि निमूट लिहून घेतलं.

ह्याचं कारण अगदी साधं होतं. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं प्रेमलाबाईंना त्यांच्या आईनं सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. एका वेळेला किती कमी होतं, ह्याचा खुलासा कोणी केलेला नव्हता. विचारायची पद्धतही नव्हती. मुळशीकडच्या भातखाचरांच्या गावातून त्या हिंजवडीत नांदायला आल्या, तेव्हा ट्रंकेत लुगड्यांबरोबर ही समजूतही आली आणि लुगड्यांपेक्षा जास्त टिकली.

बाकी टिकण्यासारखं तिथं फारसं काही उरलं नव्हतं. ज्या बांधावरून त्या डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन जायच्या, तिथं आता काचेची इमारत उभी होती. आत गळ्यात पट्टा अडकवलेली पोरं दिवसभर बसत आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तितकाच वेळ बसत. जमीन गेली त्याच्या पैशात आप्पासाहेबांनी मजल्यावर मजले चढवले आणि खोल्या मुलींना भाड्यानं दिल्या. अकोला, यवतमाळ, वर्धा, कुठून कुठून मुली यायच्या. बैल विकले, गाडी विकली, नांगर अंगणात शोभेला ठेवला. म्हैसही विकायची होती. पण प्रेमलाबाई म्हणाल्या, चंद्री जाणार असेल तर मीही जाते. आप्पासाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि म्हैस ठेवली. चंद्री दुसऱ्या कोणाला सडाला हात लावू देत नसे. त्यामुळे प्रेमलाबाई सकाळ-संध्याकाळ घराला बांधलेल्या होत्या, हे आप्पासाहेबांच्या सोयीचंच होतं.

मग मुलींना वायफाय पाहिजे झालं. शेजारच्या इमारतीत आहे, मागच्या इमारतीत आहे, आपल्याकडे नाही, म्हणून दोन खोल्या रिकाम्या पडल्या, तेव्हा आप्पासाहेबांनी कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत सगळीकडे नजर टाकली आणि म्हणाला, डबा उंचावर पाहिजे, शेजारी प्लग पाहिजे. अशी जागा एकच होती. आप्पासाहेबांच्या आईचा फोटो भिंतीवर उंच लावला होता आणि त्यावरच्या लाल दिव्यासाठी प्लग काढलेला होता. तर डबा फोटोच्या खाली बसला. आईच्या हनुवटीखाली हिरवे दिवे लुकलुकायला लागले.

आप्पासाहेबांचं एक तत्त्व होतं. जे चोरता येतं त्याला कुलूप पाहिजे. पाण्याच्या टाकीला कुलूप होतं, गच्चीला कुलूप होतं, जिन्याखालच्या केरसुण्यांना कुलूप होतं. त्यांनी डब्याकडे बघून विचारलं, "ह्याला कुलूप हाय का?"

"आहे ना काका. सिक्युअर्ड करून देतो," कंपनीचा माणूस म्हणाला.

"किल्ल्या किती मिळतात?"

"किल्ली नसते. शब्द असतो. पासवर्ड. ज्याला शब्द माहीत, त्याचा कॉम्प्युटर जोडला जातो. तुमचं नाव टाकू?"

"नाव फाटकावर लिवलंय."

"मग गाडीचा नंबर?"

"गाडी रस्त्यावर उभी असती."

तो माणूस सकाळपासून चार घरं फिरून आला होता. तो म्हणाला, "काका, असं काहीतरी सांगा की जे कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नाही. फक्त आठ अक्षरं तरी पाहिजेत." आप्पासाहेबांनी खूप वेळ छताकडे बघितलं. मग त्याला कोपऱ्यात नेऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं बोटांवर इंग्रजी अक्षरं मोजली आणि म्हणाला, "बरोब्बर आठ होतात काका. बसलं."

तो शब्द होता धोंडिबा.

हे आप्पासाहेबांचं पाळण्यातलं नाव. त्यांच्या आईची आधीची पोरं जगत नव्हती. म्हणून हा झाला तेव्हा त्या माउलीनं त्याचं नाव धोंडिबा ठेवलं. मरण दारात आलंच तर त्याला वाटावं, इथं नुसता धोंडा आहे, आणि त्यानं पुढच्या घरी जावं. पोरगं जगलं. शाळेत घालताना मास्तरांनी दाखल्यावर आप्पासाहेब लिहिलं, आणि पुढं गावानंही तेच धरलं. आई मात्र शेवटपर्यंत धोंडिबाच म्हणायची. ती गेली आणि भावकीतली तिच्या वयाची माणसं गेली, तेव्हा त्या नावानं हाक मारणारं कोणी राहिलं नाही.

आता शब्द ठरला, पण आप्पासाहेबांचा जीव काही थंड झाला नाही. शब्द एकीला सांगितला की दुसरीला कळणार, दुसरीकडून शेजारच्या इमारतीला कळणार. म्हणून त्यांनी पद्धत घालून दिली. जिला वायफाय जोडून पाहिजे, तिनं लॅपटॉप खाली बैठकीत आणायचा. आप्पासाहेब चष्मा लावायचे, खांद्यावरचा टॉवेल काढायचे आणि तो आपल्या हातांवर आणि बटणांवर अंथरायचे. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात ना, अगदी तसं. मग टॉवेलची कड जराशी उचलून आत डोकवायचं, एक अक्षर शोधायचं, दाबायचं, कड खाली टाकायची. मुली भिंतीकडे तोंड करून उभ्या. सख्ख्या मुलाच्या, ऋषीच्या वेळीसुद्धा टॉवेल पडला होता.

पण माणूस उद्या विसरलं तर? ह्याचीही सोय आप्पासाहेबांनी करून ठेवली. त्याच दिवशी जेवताना ते प्रेमलाबाईंना म्हणाले, "एका माणसाला तरी माहीत पायजे. तुला सांगून ठेवतो. आई मला काय म्हणायची? तेच हाय."

प्रेमलाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "दुसरं काय सुचलं न्हाय तुम्हाला?"

"का? ते कुणाला ठाव हाय?"

"मला ठाव हाय."

"तू थोडीच कुणाला सांगणार," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी पिठलं वाढून घेतलं. दुसरी किल्ली ज्या माणसाकडे दिली त्या माणसाला ती वापरताच येत नाही, ही त्यांना व्यवस्थेतली खुबी वाटत होती. गावात पुष्कळ हुशार माणसं झाली, पण असा बंदोबस्त दुसऱ्या कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या मजल्यावर प्रियदर्शनी नावाची मुलगी राहायची. पुसदची. मंदीत तिच्या कंपनीनं बरीच माणसं एका दुपारी घरी पाठवली, त्यात ही होती. मंदी सरली असं पेपरात छापून आलं होतं, पण हिच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती. वडिलांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सामान बांधून परत यायचं. दिग्रसला एक मुलगा बघून ठेवला होता, त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं. मुलगा वाईट नव्हता. पण तिला दुकानामागच्या खोलीत जायचं नव्हतं. हे सगळं तिनं प्रेमलाबाईंना रोज दूध घेताना थोडं थोडं सांगितलं होतं, आणि बाईंनी माप जरा वरपर्यंत भरून ऐकलं होतं.

दसरा तोंडावर आला आणि त्याच आठवड्यात आप्पासाहेबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताची नळी तुंबली आहे, आत एक जाळी बसवू, अगदी किरकोळ काम आहे. काळजाला हात घालायच्या कामाला किरकोळ म्हणणाऱ्या डॉक्टरवर प्रेमलाबाईंचा काडीचा विश्वास बसला नाही. दुपारी आत नेणार होते. पेशंटजवळ एकच माणूस थांबेल, असं नर्सनं तीनतीनदा सांगितलं, म्हणून ऋषी थांबला. आणि चंद्रीचं तर बघायलाच पाहिजे होतं. निघताना बाई खाटेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आप्पासाहेब म्हणाले, "जाताना पेंड घिऊन जा." बाई म्हणाल्या, "बरं." दोघांचं बोलणं एवढंच झालं.

त्या घरी येऊन बैठकीत टेकतात न टेकतात तोच प्रियदर्शनी उघडा लॅपटॉप हातावर घेऊन खाली आली. अंगात वर इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली घरातली फुलाफुलांची सलवार. कॅमेऱ्यात वरचंच दिसतं, असं तिनं नंतर सांगितलं.

"काकू, काकांना एक फोन लावता येईल? हा पासवर्ड मागतोय."

लॅपटॉप आठवड्यापूर्वी बंद पडला होता. दुकानदारानं दुरुस्त केला, पण आतलं सगळं पुसून अगदी कोरा करून हातात ठेवला. आप्पासाहेबांनी टॉवेलाखाली घातलेला शब्दही त्यात गेला. आणि पाच वाजता तिचा इंटरव्ह्यू होता, बंगलोरच्या साहेबांबरोबर, कॉम्प्युटरवरच, समोरासमोर. बाकीच्या मुली ऑफिसात होत्या. रूममेटचं नेटचं कार्ड रूममेटच्या बॅगेत होतं आणि बॅग रूममेटबरोबर. चौकातल्या सायबर कॅफेचं शटर खाली होतं आणि वर पाटी होती, 'मालक बाहेरगावी गेले आहेत. केव्हा येतील हे शेजारी विचारू नये.' तिनं शेजारी विचारलं होतं. त्यांनी पाटी दाखवली.

प्रेमलाबाईंनी ऋषीला फोन लावला. पप्पांना आत्ताच आत नेलंय, तो म्हणाला. बाहेर कधी आणणार ते कोणी सांगत नाही. "आणि पासवर्ड मला कुठला माहीत, मम्मी? मला पण भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं."

बाईंनी फोन ठेवला. प्रियदर्शनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "काकू, तुम्हाला माहीत आहे का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? शब्द ओठांवर आलाही होता. पण बाई सासूच्या फोटोखाली उभ्या होत्या, आणि सासूपुढं खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"मग सांगा ना."

"सांगता येत न्हाय."

"काकांनी मना केलंय का?"

"त्यांनी न्हाय गं. ते त्यांचंच नाव हाय."

पोरीनं लगेच आप्पासाहेब असं टाइप केलं. कॉम्प्युटर म्हणाला, चूक. बाईंनी मान हलवली. "ते न्हाय. पाळण्यातलं. आत्याबाईंनी ठेवलेलं." आत्याबाई म्हणजे सासू. आणि मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मी कशी घिऊ? मी बायको हाय त्यांची."

प्रियदर्शनी हसली नाही, हे तिचं मोठेपण. शहरातली एखादी असती तर तिनं तिथंच बाईंना दोन उपदेश केले असते. ही म्हणाली, "माझी आजीपण नाही घ्यायची आजोबांचं." आणि मग जरा थांबून, "उखाण्यात घ्या ना, काकू. उखाण्यात तर चालतं."

"उखाण्यात लग्नातलं नाव घेत्यात. हे नाव माझं न्हाय. आत्याबाईंचं हाय."

"मग लिहून द्या."

बँकेत सही लागते म्हणून ऋषीनं बाईंना प्रेमला एवढं लिहायला शिकवलं होतं. तेवढीच अक्षरं त्यांच्याजवळ होती, आणि त्यातलं एकही इथं कामाला येत नव्हतं.

"खुणेनं तरी सांगा."

"खुणेनं सांगायला ते चोर हायत का?" बाई म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या, पण आवाज चढला खरा.

मग त्यांनीच तोड काढली. "थांब. ऋषीचा फोन येऊ दे. ते आतनं धड बाहेर आले म्हंजे घेते मी नाव. मग काय व्हायचं ते हू दे. पण आत काळीज उघडं टाकून झोपलेल्या माणसाचं नाव मी घ्यायची न्हाय." प्रियदर्शनीनं मान डोलावली. काळीज उघडं टाकत नाहीत, मनगटातून बारीक नळी घालतात, हे तिला माहीत होतं, पण ती बोलली नाही. दोघी टीपॉयवरच्या फोनसमोर बसल्या. एक बाई आयुष्याची वाट बघत होती आणि एक मुलगी नोकरीची, आणि दोघींचा फोन एकच होता.

फोन वाजला. बाईंनी झडप घातली. पलीकडून एक मुलगी हिंदीत गोड बोलायला लागली. हॉस्पिटलातलीच असेल म्हणून बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणूस बरं हाय ना?" पलीकडची म्हणाली, पर्सनल लोन सबके लिए है मॅडम. प्रियदर्शनीनं हळूच फोन त्यांच्या हातातून घेतला आणि ठेवून दिला.

गोठ्यात चंद्री ओरडायला लागली. तिची धारेची वेळ झाली होती. पाचाला फार वेळ राहिला नव्हता. प्रियदर्शनीनं केस नीट केले, टिकली काढली, परत लावली. मग तिनं घड्याळाकडे बघितलं आणि लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"राहू द्या, काकू," ती म्हणाली. "काकांचं महत्त्वाचं आहे. तुम्ही इथं फोनजवळच बसा, मी चंद्रीला पेंड टाकून येते."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण ती खरंच उठली, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पेंडीची पिशवी उचलली. प्रेमलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ही पोरगी आता दिग्रसला जाईल. खतांच्या दुकानामागं चूल-भांडी करेल. शिकलेली असली तरी घर तसलंच निघालं तर तिलाही चारचौघांत 'अहो' म्हणावं लागेल, आणि कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की पाटीकडे बोट करावं लागेल.

आणि मग बाईंना राग आला. मनापासून आला. पोरीचा नाही, घरातल्या माणसाचा. टॉवेल टाकून बसायचं, जगाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, किल्ली बायकोच्या गळ्यात अडकवायची आणि आपण जाऊन आत झोपायचं. तुम्ही झोपलात, इथं मी काय करू? आयुष्यभर तुमचं आयुष्य मी तोंडात धरून ठेवलं, बोलताना, भांडताना, बाळंतपणात कळा देतानासुद्धा, आणि तुम्हाला त्यात गंमत सुचली.

"ठिव ती पिशवी," त्या म्हणाल्या. "उघड तुझं यंत्र."

त्या भिंतीपाशी गेल्या. वर फोटो, खाली डबा. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले. "आत्याबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही हे नाव लेकाला मरणापासनं लपवायला ठिवलं होतं. मग त्या नावानं त्यांचं वाईट व्हायचं न्हाय, असं मी धरून चालते. चुकत असंल तर मला न्या. त्यांना नका निऊ."

मग वळून प्रियदर्शनीला म्हणाल्या, "तू कान झाक."

"काकू, मग मी टाइप काय करू?"

बाईंनी ह्यावर विचार केला. "बरं, उघडे ठिव."

आणि प्रेमलाबाईंनी नाव घेतलं. फार हळू घेतलं, पण एकदाच आणि स्वच्छ. "धोंडिबा."

बटणं वाजली. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या लहान रेघा एक एक करून उजळल्या. "लागलं," प्रियदर्शनी म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात पलीकडून बंगलोरचे साहेब गुड इव्हिनिंग म्हणाले.

बाई बादली घेऊन गोठ्यात गेल्या. फोन कमरेला खोचला. धारेला बसल्या. एरवी लाथ झाडायला निमित्त शोधणारी चंद्री त्या दिवशी उभी राहिली. खिडकीतून पोरीचं इंग्रजी ऐकू येत होतं. बाईंना त्यातलं येस सर एवढं समजत होतं, आणि ते बऱ्याच वेळा येत होतं. फोन वाजत नव्हता. बादली भरली तरी वाजला नाही. मी घाई केली, असं त्यांच्या मनात यायला लागलं. जरा थांबले असते. परक्याच्या पोरीसाठी मी माझं कुंकू पणाला लावलं. त्या चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकून बसल्या आणि इतक्या भ्याल्या, की सासरी पहिल्या रात्रीही तेवढ्या भ्याल्या नव्हत्या.

इंग्रजी थांबलं. अंगणातला दिवा लागला. आणि मग फोन वाजला.

"मम्मी, झालं," ऋषी म्हणाला. "व्यवस्थित आहेत पप्पा. पूर्ण वेळ जागेच होते. विचारतायत, पेंड घातली का?"

"घातली म्हण," प्रेमलाबाई म्हणाल्या. घातली नव्हती. फोन ठेवून त्या तिथंच शेणात पाय पसरून बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. प्रियदर्शनीनं येऊन पेंड घातली. चंद्रीनं तिला घालू दिली.

आप्पासाहेब घरी आले, तेव्हा सोबत गोळ्यांची एक पिशवी होती आणि गोळ्यांवर त्यांचा राग होता. सकाळची घ्यायचे, दुपारची विसरायचे, संध्याकाळची खिशात घालायचे. दसऱ्याच्या आधी प्रियदर्शनी पेढे घेऊन खाली आली. बंगलोरच्या कंपनीनं तिला घेतलं होतं आणि नेमणूक हडपसरच्या ऑफिसात दिली होती, म्हणजे हिंजवडीहून बंगलोरपेक्षा थोडंसंच जवळ. इंटरव्ह्यूच्या दिवशी कॉम्प्युटर कसा कोरा होऊन आला होता, हेही तिनं सांगून टाकलं. आप्पासाहेबांनी डॉक्टरांनी मना केलेला पेढा तोंडात टाकला. चघळता चघळता ते थांबले.

"तुझा कॉम्प्युटर कोरा झाला होता ना गं? मग लागलं कसं?"

पोरीनं काकूंकडे बघितलं. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काकूंनी सांगितला पासवर्ड."

"हिनं?" आप्पासाहेब हसले. "ही मरंल पण..." आणि मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि पुढचं बोलले नाहीत. पोरगी शहाणी होती. तिनं पेढ्यांचा पुडा ठेवला आणि जिना चढून गेली.

आप्पासाहेबांनी तोंडातला पेढा गिळला.

"मी आत असताना?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"व्हय."

"भ्यालीस न्हाय?"

"लई भ्याले." सूप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "बोला, काय बोलायचं ते. पासवर्ड बदलायचा तर बदला. मला आता दुसरा सांगू नका म्हंजे झालं."

आप्पासाहेबांनी टॉवेल खांद्यावरून काढला, मांडीवर घेतला, घडी घातली, परत उलगडला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "कसं घेतलंस?"

"कसं म्हंजे?"

"मोठ्यांदा का हळू?"

"हळू."

"आई गेल्यापासनं कुणी घेतलं न्हाय," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा घोगरा झाला होता, पेढ्यामुळंही असेल. "मी तिथं नव्हतो. माझं नाव घेतलं आन मीच ऐकलं न्हाय. एकदा घे परत."

प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. छाती बघितली. मनगटावरची पट्टी बघितली. मग उठल्या, पिशवीतून संध्याकाळची गोळी काढली, तांब्या-भांडं आणलं आणि समोर धरलं.

"आधी ही घ्या."

आप्पासाहेबांनी गोळी घेतली. बाईंनी तोंड उघडायला लावून, गिळली का ते बघितलं. मग त्या समोर बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "धोंडिबा."

आणि सत्तरीला टेकलेल्या त्या माणसानं, अंगणात खेळणारं पोर आईला देतं तशी, ओ दिली.